आकड्याशेजारचं टिंब

दिवाळी मागे पडली की आदिलाबादला येणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाच्या गाड्या एकामागून एक जातात, वरचा कापूस वाऱ्यावर सुटतो आणि काट्यांना अडकून राहतो. लहानपणी मला वाटायचं, बाभळीलाही कापूस येतो. आदिलाबादलगतच्या मावल्याला आमचं घर होतं, शेती नव्हती. आजोबा तहसील कचेरीत पेशकार, वडील शिक्षक. त्यामुळे कापूस आम्ही असाच बघितलेला, बाभळीवरचा. शेतातला कापूस मी नीट बघितला तो दोन वर्षांपूर्वी. तिशी ओलांडली होती आणि हातात वही होती.

यंदाही बाभळी पांढऱ्या झाल्यात. मी सुटीला आईकडे आले आहे आणि अंगणात खुर्ची टाकून परीक्षेची प्रश्नपत्रिका काढते आहे. हैदराबादला विद्यापीठात मी शिकवते. माझा विषय ऐकला की आईच्या मैत्रिणी पुढचं काही विचारत नाहीत. विज्ञान आणि तंत्रज्ञान समाजात कसं घडतं, त्याचा अभ्यास. शास्त्रज्ञ निसर्गाकडे बघतात, आम्ही बघणाऱ्यांकडे बघतो. एखादा आकडा कुठून येतो, कुणाच्या हातून येतो, तो खरा मानायचा हे कोण ठरवतं, असल्या चौकशा. दरवर्षी त्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो. 'सिद्धान्त आणि अभ्यासपद्धती यांचा परस्परसंबंध सोदाहरण स्पष्ट करा.'

सोदाहरण. या शब्दापाशी माझा हात अडतो. माझ्याजवळ एक उदाहरण आहे, माझं स्वतःचं, आणि ते मी वर्गात आजवर सांगितलेलं नाही.

त्या हंगामात मी पैनगंगेच्या काठच्या एका गावात राहिले. आदिलाबादहून जैनथपर्यंत बस, तिथून ऑटो. ऑटोत पुढे-मागे माणसं कोंबलेली, वर टपावर सोयाबीनची पोती, आणि एका अंगाने नदीवरून येणारा ओलसर वारा. गावात मराठी बोलत, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. एका संस्थेचा प्रकल्प तिथे चालू होता. कापसाच्या बोंडात शिरणारी गुलाबी अळी केव्हा येणार, हे आधीच ओळखायचं. त्यासाठी शेताशेतांत कामगंध सापळे लावले होते. काठीला टांगलेलं पिवळं झाकण, त्याखाली लांबट प्लास्टिकची पिशवी, झाकणात वासाची एक गोळी. त्या वासाने अळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत पडतात. रोज सकाळी ते मोजायचे, वहीत लिहायचे, मग फोनवर पाठवायचे. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की गावाला निरोप येई, आता फवारा. खाली असला की निरोप, काही करू नका.

हे मोजायचं काम अनसूयाबाईंकडे होतं.

चाळिशीच्या आतबाहेरची बाई. अंगाने बारीक, चालणं भरभर. दहावीपर्यंत शिकलेली, नवरा विठ्ठलराव शेती करणारा, मुलगी लग्न होऊन तामसीकडे गेलेली. गावात तिला 'पाखरंवाली वहिनी' म्हणत. सकाळी ती एका हातात वही आणि दुसऱ्या हातात विळा घेऊन निघायची, आणि मी तिच्या मागे. माझी अभ्यासपद्धतीच तशी होती. माणसाच्या मागे चालायचं, तो करतो ते बघायचं, बघितलं ते लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. 'मध्ये बोलायचं नाही' हा भाग मी फार निष्ठेने पाळला.

त्या सकाळी अजून अंगात आहेत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांवरचं पाणी गुडघ्यापर्यंत भिजवायचं. पिवळी फुलं दुपारपर्यंत गुलाबी पडायची. पाऊस सरला म्हणता म्हणता परत एखादी झड यायची आणि काळी माती चपलेला चिकटून एकेक पाय शेरभर जड व्हायचा. अनसूयाबाई अनवाणी, म्हणून ती पुढे आणि मी मागे धापा टाकत. मधूनच ती थांबून वळून बघायची.

"ताई, चपला हातात घ्या ना. वावराले काय लाजता?"

मी चपला हातात घ्यायचे, मग वही काखेत, मग पेन दातात. ती हसायची. "एवढं काय लिवता वं ताई? मी त पाखरं मोजते, तुमी मले मोजून राह्यल्या."

हे वाक्य मी तेव्हा लगेच लिहून घेतलं होतं. मला ते फार आवडलं होतं. पुढे एका व्याख्यानात त्याने सुरुवातही केली आणि लोक हसले. ते आठवलं की आता कान गरम होतात.

दुपारी ती मला घरी न्यायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. "खा ना, शहरात असलं कुठं भेटते," म्हणत तिसरी भाकर ताटात पडायची. माझ्यासाठी तिने शेजारून खाट आणली होती. मला ताप आला तेव्हा तीन दिवस तिने माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि त्यातून उठून सापळेही मोजून आली. असा विश्वास मिळणं, हे आमच्याकडे पद्धतीचं यश मानतात. प्रबंधात त्यावर एक परिच्छेद असतो.

आता सिद्धान्ताचं सांगते. मी हैदराबादहून निघाले तेव्हाच तो माझ्याजवळ होता. मी बरंच वाचलं होतं, आणि वाचून वाचून मनाशी पक्कं झालं होतं की मोजमाप हा एक प्रकारचा अंमल असतो. वरून एक कोष्टक येतं, खालच्या माणसाने त्यात आपलं जग बसवायचं. आणि माणूस ते मुकाट बसवत नाही, तो कुठेतरी हळूच नकार देतो. हा नकार मला शोधायचा होता. तो सापडला तर प्रबंध उभा राहणार होता. सिद्धान्त चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. तो दुसऱ्या कुठल्या गावात खरा असेल. पण या गावात मी तो बरोबर घेऊन आले होते आणि त्याच्यासाठी जागा बघत होते.

ती जागा मला एका झडीच्या सकाळी सापडली.

नदीच्या अंगाच्या वावरात आम्ही होतो. बारीक पाऊस. अनसूयाबाई सापळ्यापाशी आली आणि पिशवी न उघडता पुढे गेली. ओळीत शिरली, दोन-चार झाडांपाशी वाकली, फुलं हातात घेऊन नखाने काहीतरी करत राहिली, आणखी पुढे गेली, परत वाकली. मग बांधावर येऊन पदराने हात पुसले, वही उघडली आणि आकडा लिहिला.

माझ्या वहीतली त्या दिवसाची नोंद माझ्यासमोर आहे. 'सापळा उघडला नाही. फुलांशी चाळा करत फिरली. मग आकडा लिहिला.' आणि समासात, दोनदा अधोरेखित, एकच शब्द. 'नकार!'

त्या उद्गारचिन्हाचा आनंद मला अजून आठवतो. ऑटोत बसून मी जैनथला आले, आणि तिथे स्टँडवर चहा पिता पिता ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. पुढच्या महिन्याभरात असे आणखी काही दिवस मी टिपले. सगळे पावसाचे, वाऱ्याचे, किंवा सापळ्यातली गोळी जुनी झाल्याचे. हेही मी लिहिलं आहे, पाऊस, वारा, जुनी गोळी, अगदी प्रामाणिकपणे. फक्त त्या तीन गोष्टींचा आकड्याशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि तिला विचारलं नाही. म्हटलं ना, मध्ये बोलायचं नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, विचारायला मी घाबरत होते. तिने काही साधंच कारण सांगितलं असतं तर माझा नकार गेला असता.

पहिल्या वेच्याच्या दिवशी मी गावातच होते. वावराच्या टोकाला दहीभात ठेवून पूजा झाली, बायांनी कापूस भरायला कमरेला फडक्याच्या ओट्या बांधल्या, गाणी म्हणत ओळींत शिरल्या. त्या वर्षी कापूस चांगला होता. बोंडं फुटून लोंबत होती, बोटं लागताच कापूस हातात येत होता. विठ्ठलरावांनी एक फुटलेलं बोंड तोडून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "अनसूयेनं येळेवर सांगतलं मनून वाचला. नाईतर अळीनं खाल्ला असता." मी मान हलवली. हे वाक्य माझ्या वहीत नाही. ते माझ्या विषयात बसत नव्हतं.

मी हैदराबादला गेले आणि निबंध लिहिला. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण ते जमवायला मला दोन दिवस लागले होते. 'नोंद ठेवणारी स्त्री अनेक दिवस सापळा न पाहता आकडा भरते; ही फसवणूक नसून मोजमापाच्या शिस्तीला दिलेला मूक नकार आहे.' गावाचं नाव बदललं, तिचं नाव वगळलं. आमच्या नीतिनियमांत हे बसतं. छापण्याआधी एक प्रत प्रकल्पाच्या कार्यालयाला पाठवली, कारण गावात काम करायची परवानगी त्यांनी त्या अटीवर दिली होती. पाकिटावर पत्ता मीच लिहिला. एवढंही मनात आलं नाही, की माझ्या वाक्याचे अर्धविरामापाशी दोन तुकडे होऊ शकतात, आणि वाचणारा पहिला तुकडा घेऊन जाऊ शकतो.

उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"ताई, मले काढलं वं."

मी विद्यापीठाच्या जिन्यात होते. कठड्याला टेकून उभी राहिले.

ती सांगत होती. प्रकल्पाचे साहेब आले होते. पंचायतीत सगळ्यांना बसवलं, आणि हिंदीत विचारलं, "अनसूयाबाई, डब्बा देखे बिना नंबर लिखते क्या तुम?" तिने सरळ सांगितलं, "हौ साब, कभी कभी." साहेबांनी वही हातातून घेतली. तेवढ्यावरच झालं. कुणीतरी मागून म्हणालं, मंग इतके दिवस खोटंच लिवे काय ही? कुणीतरी हसलं.

"त्याइले कसं समजलं असन ताई? म्या कोनाले सांगतलं नाई. तुमीच मांगं राहत होत्या रोज, तुमाले मालूम हाय मी कशी काम करत होती. तुमी एकडाव बोलसान का साहेबाशी?"

मी म्हणाले, "बघते वहिनी. चौकशी करते."

मी चौकशी करते म्हणाले. साहेबांना कसं समजलं असेल असा तिला प्रश्न पडला होता, आणि उत्तर तिच्याच कानाशी बोलत होतं. मी म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. मी म्हणाले, अशा संस्थांचं काही खरं नसतं. धीर दिला. ती म्हणाली, "तुमच्याशी बोलून बरं वाटलं ताई." फोन ठेवल्यावर मी वर्गात गेले आणि तास घेतला.

कार्यालयाला मी एक ई-पत्र लिहिलं. त्यात माझ्या निबंधाचा चुकीचा अर्थ काढला गेला आहे, असं समजावलं होतं. ते मी माझ्या बचावासाठी लिहिलं होतं, हे मला लिहितानाच कळत होतं. उत्तर आलं नाही. तिचे फोन आणखी दोनदा आले. दुसऱ्यांदा मी उचलला नाही.

पुढच्या हंगामात दुसऱ्या माणसाने सापळे मोजले, अगदी नेमाने. सापळ्यात दिसेल तेवढंच लिहिलं. पाऊस लांबला होता, नवीन गोळ्या वेळेवर आल्या नव्हत्या. आकडे खाली राहिले, निरोप आला, काही करू नका. हे मला कसं कळलं, तर मावल्याच्या आमच्या भाजीवालीचं माहेर त्या गावाजवळचं. ती सांगत होती, त्या भागात यंदा दुसऱ्या वेच्यापासूनच कवडी निघून राह्यली. कवडी म्हणजे बोंडातला कापूस फुलतच नाही, पिवळट, चिकट, घट्ट गोळा होऊन बसतो. अनसूयाबाई असती तर कापूस वाचला असता, हे मी सिद्ध करू शकत नाही. असं काही सिद्ध करायला आमच्याकडे पद्धत नाही. पण भाजीवाली बोलत होती आणि मी हातातली मेथी निवडायची थांबले होते, तेव्हा मला विठ्ठलरावांचं ते वाक्य आठवलं. वहीत नव्हतं, तरी शब्दन् शब्द आठवलं.

घरात येऊन मी जुन्या वह्या काढल्या. तिच्या वहीच्या पानांचे मी तेव्हा फोटो घेतले होते, तेही काढले. तारीख, सापळा, आकडा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात काही काही ओळींवर शाईचं एकेक टिंब होतं. आधी मला ते पेन टेकल्याचे डाग वाटले होते. आता माझी वही शेजारी धरून बघितलं. मी 'सापळा उघडला नाही' असं लिहिलेल्या प्रत्येक दिवशी तिच्या रकान्यात टिंब होतं. बाकीच्या दिवशी नव्हतं. एकाही दिवशी नव्हतं.

मी पहिल्या पानापासून परत जुळवत बसले. आईने येऊन दिवा लावला आणि विचारलं, डोळे दुखतात का.

हे मागच्या वर्षी, याच दिवसांत. तरी जायला मला आणखी आठ दिवस लागले.

जैनथच्या पुढे ऑटोतून उतरले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीने वावराकडे हात केला. अनसूयाबाई वेचत होती, कमरेला ओटी, डोक्याला फडकं. मला बघून हातातलं बोंड अर्धं ठेवून उभी राहिली.

"ताई? किती बारीक झाल्या!"

तिने बांधावरची कळशी दिली. मी पाणी प्यायले. मग एक ओटी माझ्याकडे टाकली, "उभ्या नका राहू, हात चालवा संगं." मी बांधली. शेजारच्या ओळीत शिरले. मला वेचता येत नव्हतं, माझ्या कापसात वाळलेली पानं येत होती. ओळीच्या मध्यापर्यंत ती मुलीबद्दल, नातवाबद्दल बोलत होती. मी मध्येच म्हणाले,

"वहिनी, ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"तुम्ही सापळा न बघता आकडा लिहिता हे. साहेबांना. म्हणजे मी एक लेख लिहिला, त्यात होतं. प्रत मीच पाठवली. तुमचं नाव नव्हतं त्यात."

ती वेचत राहिली. एक झाड, दुसरं झाड. कापूस ओटीत पडायचा आवाज येत नाही, त्यामुळे फार शांत होतं.

"नाव नव्हतं," ती म्हणाली. "पाखराची वही लिवणारी बाई गावात एकच होती ताई. नाव काऊन लागते?"

मी ओटीतलं एक वाळकं पान काढून टाकलं.

"आनि मी फोन केला तवा?"

"तेव्हा मला माहीत होतं."

आता तिने हात थांबवले. माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं एखाद्या झाडाला काय झालंय ते बघावं.

"तीन महिने माह्या मांगं होत्या तुमी. भिजल्या, तापल्या. एकडाव मले इचारलं काऊन नाई, का बाई, आकडा कुठून आनतेस?"

मग तिने मला दाखवलं. मी विचारलं नव्हतं, तरी दाखवलं. ओळीच्या टोकाला उशिराची काही फुलं होती. त्यातलं एक तिने वाकवलं. बाकीची फुलं उघडलेली, ते मात्र मिटलेलं होतं, पाकळ्या वरून एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या वळलेल्या. "याले डोमकळी मन्तेत." नखाने तिने पाकळ्या सोडवल्या. आत, पिवळ्या परागात, सुतासारखी अळी हलत होती. "झड असली का पाखरू उडत नाई. उडलं तरी पन्नीत पानी भरते, मुंग्या वढून नेतेत. गोळी जुनी झाली का वासच नाई, पाखरू येइन कशाले? डब्बा मन्ते काई नाई. पन फुलात त दिसते. मंग मी वीस झाडं पाहो. किती डोमकळ्या, तं किती पाखरं असतीन, हे मले दोन वर्सं संगं संगं मोजून समजलं होतं. तसा आकडा टाको. आनि डब्ब्यातला नाई, फुलातला हाय हे समजाव मनून टिंब देवो. साहेब कवातरी इचारतीन, हे टिंब कायचं वं, असं वाटे."

दोन वर्षं. सापळा आणि फुलं एकाच वेळी मोजून, एकाचा दुसऱ्याशी मेळ घालून, तिने स्वतःची रीत बसवली होती, तिची मर्यादा ओळखली होती आणि वापरली त्या प्रत्येक ठिकाणी खूण केली होती. विज्ञान कसं घडतं ते बघायला मी हैदराबादहून आले होते. ते माझ्यापुढे पाच पावलांवर घडत होतं, पावसात, अनवाणी. मी त्याला चाळा म्हटलं.

माझ्या सरांनी फार पूर्वी आम्हाला सांगितलं होतं की सिद्धान्तावाचून बघणं शक्यच नाही, कोरा डोळा कुणाजवळ नसतो. ते खरं आहे. मी वर्गात तेच सांगते. पण डोळा कोरा नसला तरी तोंड असतं. विचारता येतं. माझ्या सगळ्या पद्धतीत, मागे चालणं, राहणं, खाणं, लिहून घेणं यांत, माझा सिद्धान्त मोडू शकेल अशी एकच गोष्ट होती, एक साधा प्रश्न, आणि तेवढीच मी टाळली. त्याला मी शिस्त असं नाव दिलं होतं.

"आता बघता का फुलं?" मी विचारलं.

"आपल्याच वावरात पाह्यते. दुसऱ्याच्या बांधावर नाई जात." ओटी सावरत ती म्हणाली, "पयले बाया इचाराले येत. आता नाई येत. आल्या तरी सांगाव का नाई, मले समजत नाई."

परत येऊन मी दुरुस्तीचा लेख लिहिला. त्यासाठी मी तिला फोन केला, तेव्हा नाव बदलायचं म्हणाले तर ती लगेच म्हणाली, "काऊन? वाईट लिवलं तवा नाव झाकलं तरी मीच दिसली. आता चांगलं लिवसान त मनतीन, असन कोनी बाई. गावाचं नको, पन माहं लिवा. अनसूया." मी लिहिलं. तो लेख एका अंकाच्या अगदी शेवटी, लहान टायपात छापून आला. प्रकल्पाला पाठवला, त्यांनी कळवलं की त्या भागातलं काम आता संपलं आहे आणि माझ्या कळकळीबद्दल ते आभारी आहेत. छापलेलं पान घेऊन मी गावात गेले, पंचायतीत आठ-दहा जण जमले त्यांना मराठीत वाचून दाखवलं. विठ्ठलराव मागे भिंतीला टेकून उभे होते. एकाने विचारलं, "मंग तवा काऊन नाई सांगतलं मॅडम?" बाकीचे ऐकून उठून गेले. अनसूयाबाई आली नव्हती. घरी गेले तर म्हणाली, मले वेचाले जायचं होतं.

यंदा हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, छापायला द्यायच्या आधी तिला ऐकवायचा. काल गेले होते. ती ओट्यावर अंबाडीची पानं खुडत होती. मी वाचत गेले, ती खुडत गेली. चपला हातात घेतल्याचं आलं तेव्हा हसली. फोनचं आलं तेव्हा तिची बोटं थांबली, मग परत चालू लागली. डोमकळीच्या जागी मी 'दहा झाडं' लिहिलं होतं. "वीस," ती म्हणाली. मी तिथेच सुधारलं. शेवटचा परिच्छेद मी जरा हळू वाचला. तो मला चांगला उतरल्यासारखा वाटत होता. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'तिने मला माफ केलं होतं.'

"हे परत वाचा."

मी वाचलं.

"हे कवा मनली मी?"

मी म्हणाले, तुम्ही म्हणाला नाहीत, पण त्या दिवशी पाणी दिलंत, ओटी दिलीत, वेचायला शेजारी घेतलंत. आजही बसायला चटई टाकलीत.

"पानी मी कोनालेबी देते ताई," ती म्हणाली. आवाजात कडूपणा नव्हता. पानांचा ढीग तिने सुपात लोटला. "तसं मनाव का नाई, ते माहं मी पाहीन. मी मनली नाई ते लिवू नका. खोडा."

मी खोडलं.

"खोडलं?"

"हो."

"मंग वाचा पुढं."

पुढे काही नव्हतं.